नवीन ऑर्डर नंतर द्या, आधी झालेल्या कामाचे पैसे द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी पुरवणीत छोट्या उद्योगांवरचा लेख वाचला. दोनदा वाचला आणि दुपारी जेवताना ह्यांना पण वाचून दाखवला. त्यात म्हटलंय की आपल्याकडचा छोटा कारखानदार मोठं व्हायचं मनावरच घेत नाही, रिस्क घेत नाही, नवीन मार्केट शोधत नाही, आहे त्यात समाधानी राहतो, आणि शेवटी परत तेच, मराठी माणसाला धंदा जमत नाही. लिहिणाऱ्यांना मी ओळखत नाही, त्यांनी अभ्यास करूनच लिहिलं असणार, पण आमच्या शॉपमध्ये गेली १४ वर्षं बिलं मी बनवते, चलनं मी फाईलला लावते, बँकेत मी जाते आणि पैशासाठी फोन पण मीच करते, आणि मला रोज जे दिसतं ते त्या लेखात कुठंच नव्हतं म्हणून हे पत्र. लांब झालंय. कापायचं असलं तर बाकी काहीही कापा पण हिशोबाचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

आमचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीनशॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग घ्यायचं, त्याचं टर्निंग बोअरिंग ड्रिलिंग करायचं आणि पंप, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांना तयार पार्ट द्यायचे. २००९ ला उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात दोन जुन्या लेथवर अप्पा (माझे सासरे) आणि हे, अशी दोघांनी सुरुवात केली, मी २०११ पासून ऑफिस बघते. आज दोन सीएनसी आहेत, एक व्हीएमसी आहे (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), ११ पोरं कामाला आहेत. व्हीएमसी घेताना राहतं घर तारण दिलंय, त्यामुळं रिस्क घेत नाही असं कुणी म्हटलं की वाईट वाटतं. १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, कोल्हापुरात गल्लीबोळातल्या शेडमध्ये ऑईल इंजिनं तयार झाली, आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल सगळीकडं फौंड्र्या आणि मशीनशॉप आहेत, ही सगळी माणसं काय रिस्क न घेता इथपर्यंत आली का? जमतं हो धंदा. माल वेळेत जातो, मापात जातो. अडतंय ते माल दिल्यानंतर.

२०२२ ची गोष्ट सांगते. तेव्हा आमचं महिन्याचं बिलिंग साधारण १० लाख होतं, आणि मार्चमध्ये एका मोठ्या कंपनीचं नवीन शेड्यूल (दर महिन्याला द्यायच्या मालाची ऑर्डर) आलं, अजून १० लाखांचं. म्हणजे एका झटक्यात धंदा डबल. अप्पांनी पेढे आणले, शेजारच्या गाळ्यात पण वाटले, ह्यांनी रात्रपाळी सुरू केली, दोन नवीन ऑपरेटर घेतले. त्या लेखाच्या भाषेत आम्ही मोठं व्हायचं मनावर घेतलं. आणि आठ महिन्यांत दिवाळीच्या तोंडावर अशी वेळ आली की पोरांना बोनस द्यायला माझ्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या. काम कमी होतं म्हणून नव्हे. काम तर इतकं होतं की मशीन रविवारी पण थांबत नव्हती, आणि लोकांकडून येणं ७० लाखांच्या वर गेलं होतं. कागदावर आम्ही श्रीमंत होतो आणि खात्यात लाईट बिलापुरते पैसे नव्हते.

त्याच वर्षी सप्टेंबरातला एक दिवस मी विसरूच शकत नाही. ९ जुलैला दिलेल्या मालाचं बिल अडकलं होतं, फोनवर दर वेळी "बघतो मॅडम", "सायबांची सही राहिलीय", "पुढच्या रनमध्ये येईल" एवढंच. शेवटी १० सप्टेंबरला माल घेऊन जाणाऱ्या आमच्याच टेम्पोत मी आणि अप्पा बसून गेलो. गेटवर पास केला, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावून घेतलं, वर अकाउंट्सला गेलो. तिथल्या मुलानं कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं बिल बुकच झालेलं नाही, जीआरएन नाहीय त्याला." (जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची त्यांच्याकडची नोंद.) मी पिशवीतनं चलनाची कॉपी काढली, तिच्यावर त्यांच्याच गेटचा निळा शिक्का, तारीख ९ जुलै, वेळ सुद्धा लिहिलेली. त्यानं स्टोअरला फोन लावला. क्वालिटीची सही होऊन कागद दुसऱ्याच फाईलला लागला होता. दोन मिनिटांत जीआरएन निघाला. ६३ दिवस ज्याच्यासाठी थांबलो ते काम दोन मिनिटांचं होतं, आणि वर तो मुलगा म्हणतो कसा, "आता आजपासून ९० दिवस धरा." अप्पा आयुष्यात कधी कुणाला चढ्या आवाजात बोलले नाहीत, तेव्हाही नाही बोलले, फक्त म्हणाले, "बाळा, आमचे पार्ट लावलेले पंप विकून पण झाले असतील की रे." त्या पोराला कसंतरीच झालं, उठून त्यानं पाणी आणून दिलं. त्याची चूक नव्हतीच, तो पण कॉन्ट्रॅक्टवरचा, सिस्टीम सांगेल ते करणारा.

आता हिशोब. हा मी त्या दिवाळीत वहीत मांडला आणि तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की आपलं नक्की काय चुकतंय.

१० लाखांचं बिल केलं की त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११ लाख ८० हजार. पीओवर (त्यांच्या खरेदीच्या ऑर्डरवर) लिहिलेलं असतं ९० दिवस, पण ते जीआरएनपासून, जीआरएनला १५-२० दिवस, आणि पेमेंट महिन्यातून एकदाच निघतं, ती तारीख हुकली की पुढचा महिना, त्यामुळं हातात पैसे येईपर्यंत १२० दिवस धराच. म्हणजे चार महिन्यांची बिलं कायम बाहेर, ४७ लाख २० हजार. धंदा डबल झाला की ९४ लाख ४० हजार. आणि १० लाखांच्या बिलिंगमध्ये कास्टिंग, पगार, लाईट, टूल, हप्ता सगळं जाऊन आमच्या हाताला लागतात ८० हजार, ते पण सगळं सुरळीत झालं तर. मग धंदा डबल करायला जे वरचे ४७ लाख बाहेर अडकवायचे ते आणायचे कुठून? नफ्यातनं आणायचे म्हटलं तर पाच वर्षं जातील. ऑर्डर वाढली की धंदा वाढला असं सगळे म्हणतात, पण उधारीच्या धंद्यात ऑर्डर वाढली की आधी खड्डा वाढतो, नफा नंतर येतो, आणि तो येईपर्यंत टिकायचं कसं हे कुणी सांगत नाही.

आता याच्या उलटं करून बघा. पैसे ४५ दिवसांत मिळाले तर २० लाखांच्या बिलिंगला बाहेर अडकतात फक्त ३५ लाख ४० हजार. म्हणजे धंदा दुप्पट करून सुद्धा, १२० दिवसांवर १० लाखांच्या धंद्यात जेवढे अडकतात त्यापेक्षा जवळजवळ १२ लाख कमी! मी हे तीनदा तपासलं, ह्यांना उठवून दाखवलं. आम्हाला नवीन कर्ज नको होतं, सबसिडी नको होती, ट्रेनिंग नको होतं, जे आमचं आहे तेच वेळेवर मिळालं असतं तर आम्ही स्वतःच्या पैशावर दुप्पट झालो असतो. त्या लेखात कर्जाच्या योजनांवर अर्धं पान आहे. पेमेंटवर एक ओळ नाही.

आमचा महिना कसा जातो तेही सांगते. ५ तारखेला हप्ता, ७ ला पगार, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न), १५ ला ईएसआय (पोरांचा विमा), २० ला ३बी (जीएसटी भरायचं रिटर्न), मधी कुठंतरी लाईट बिल. यातली एकही तारीख हलत नाही. हलतं ते फक्त आमचं येणं. जीएसटीचं तर मला सगळ्यात जास्त लागतं. माल दिला, बिल केलं, की पुढच्या २० तारखेला टॅक्स भरायचा, पैसे येवोत न येवोत. कास्टिंगचं आणि बाकीचं क्रेडिट (खरेदीवर आधीच दिलेला टॅक्स) वजा जाऊन १० लाखांच्या बिलाला आम्हाला ७० हजार रोख भरावे लागतात, उशीर झाला की वर १८ टक्के व्याज. आम्ही ११ तारखेला बिल पोर्टलवर चढवलं की समोरच्या कंपनीला ते क्रेडिट लगेच दिसतं, ती त्याच महिन्यात ते वापरून स्वतःचा टॅक्स कमी करते. माझे पैसे चार महिन्यांनी देणार आणि मी भरलेल्या टॅक्सचा फायदा या महिन्यात घेणार. कायद्यात आहे की १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट परत करायचं, पण १८० दिवस म्हणजे सहा महिने हो, सहा महिन्यांत छोटा माणूस आडवा होतो. पूर्वी सर्व्हिस टॅक्सला ५० लाखांपर्यंतच्या छोट्यांना पैसे आल्यावर टॅक्स भरायची सोय होती. मग तशी सोय जीएसटीत मायक्रो (सगळ्यात छोट्या) उद्योगांना का नको? तिमाही रिटर्नची सोय आहे म्हणतात, पण त्यातही पैसे महिन्याच्या महिन्याला भरावेच लागतात.

बँकेचं पण तसंच. सीसी (कॅश क्रेडिट) आहे आमची, दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं, त्यावर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती पैसे उचलता येतील ते, ठरते. पण ९० दिवसांच्या वरचं येणं आमची बँक त्यात धरत नाही. म्हणजे ज्या बिलानं जास्त छळलंय, ज्याच्यासाठी उसने पैसे लागतात, नेमकं त्याच बिलावर बँक पैसे देत नाही. मॅनेजरसाहेबांना दोष देत नाही, जुनं येणं बुडायची शक्यता जास्त असं त्यांचं गणित आहे. पण आमचा हप्ता ९० दिवस थकला की आम्ही एनपीए (बुडीत खातं), आणि कंपनीनं आमचे १२० दिवस थकवले तर ती "पेमेंट सायकल". एकाच गोष्टीला दोन नावं आहेत.

आता कायदा बघा. कायदा नाही असं अजिबात नाही, आणि हे माझ्यासारख्या कितीतरी जणींना माहीतच नाही म्हणून मुद्दाम लिहिते. एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा) कायदा २००६ चा आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे मायक्रो आणि स्मॉल पुरवठादाराला माल स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असूच शकत नाही. पीओवर ९० लिहा नाहीतर १२० लिहा, कायद्यापुढं ४५ च. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. आणि मालाबद्दल तक्रार असेल तर ती १५ दिवसांत लेखी कळवायची, नाही कळवली तर माल ज्या दिवशी पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. म्हणजे जीआरएन दोन महिन्यांनी काढला तरी घड्याळ गेटच्या शिक्क्यापासूनच चालू होतं! हे मला २०२२ ला माहीत असतं तर त्या ऑफिसात मी एवढी गप्प बसले नसते. कलम १६ मध्ये उशिराला व्याज सांगितलंय, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, ते पण दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट ६.७५ टक्के होता तेव्हा हे व्याज २० टक्क्यांच्या वर जात होतं. सरकारनं २०१७ ला समाधान पोर्टल काढलं, ऑनलाईन तक्रार केली की ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडं जाते, तिनं ९० दिवसांत निकाल द्यायचा असं कायदा म्हणतो, आणि निकालाविरुद्ध अपील करायचं तर समोरच्याला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. वाचायला किती छान वाटतं.

पण तक्रार करणार कोण? आमच्या सीएंनी मला दोनदा सांगितलं, वहिनी, व्याजाचं पत्र पाठवा. मी टाईप करून ठेवलं. हे म्हणाले, नको, पत्र गेलं की पुढच्या महिन्याचं शेड्यूल शून्य येईल. बरोबरच होतं त्यांचं. आमच्या ओळीतल्या एकांनी केली होती तक्रार, पैसे मिळाले पण, पण वेळ खूप गेला आणि तो कस्टमर कायमचा गेला, आणि त्याच्या ओळखीचे अजून दोन. ज्याचं निम्मं काम एकाच कंपनीकडून येतं त्यानं त्या कंपनीवर केस घालायची म्हणजे बसलेली फांदी तोडायची. कायदा करणाऱ्यांनी छोट्याच्या हातात हत्यार दिलं, पण ते चालवलं की पहिला घाव त्यालाच बसतो.

म्हणूनच २०२३ च्या बजेटमध्ये इन्कम टॅक्सला जे ४३बी (एच) आलं ते मला फार आवडलं होतं, कारण त्यात तक्रार करावीच लागत नाही. कंपनीनं मायक्रो किंवा स्मॉल पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च तिला त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी धरायचा, म्हणजे मधल्या काळात टॅक्स जास्त. मार्च २०२४ मध्ये पहिला झटका बसला. कापडाच्या व्यापारात केवढी ओरड झाली ते आठवत असेल, तुमच्याच पेपरात बातम्या होत्या. आणि आमच्याकडं, १३ वर्षांत पहिल्यांदा, कंपनीच्या अकाउंट्समधून मला स्वतःहून फोन आला की मॅडम तुमचं छोट्या उद्योगाच्या नोंदणीचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा, तुमची कुठली बिलं राहिलीत बघू. मी फोन ठेवल्यावर दोन मिनिटं नुसती बसून राहिले. त्या मार्चअखेर जुनं सगळं येणं आलं. मग एप्रिल उजाडला आणि परत १२०.

कारण त्यात एक मोठी फट राहिलीय. खर्च नाकारायचा तो वर्षअखेरीला बघून. एप्रिलमधल्या मालाचे पैसे डिसेंबरात दिले, आठ महिने उशिरा, तरी ते त्याच आर्थिक वर्षात दिले म्हणून कंपनीला काहीच झळ नाही. ४५ दिवसांचा धाक फक्त फेब्रुवारी-मार्चमधल्या बिलांना, बाकी वर्षभर मोकळं रान. शिवाय मीडियम उद्योगांना आणि व्यापाऱ्यांना याचा उपयोग नाही. एप्रिल २०२५ पासून स्मॉलची मर्यादा १०० कोटी टर्नओव्हरपर्यंत वाढवली हे चांगलंच झालं, पण आमच्यासारखे १-२ कोटीवाले आणि ते १०० कोटीवाले एकाच रांगेत आले, तेव्हा पैसे आधी कुणाला जाणार हे सांगायला नको. या नियमात वर्षाऐवजी निदान तिमाही बघितली, आणि ४५ दिवसांनंतर दिलेल्या पैशातला थोडा भाग कायमचाच नाकारला, तर कुणाला तक्रार करावी न लागता सगळे सरळ होतील असं मला मनापासून वाटतं.

ट्रेड्स नावाच्या ऑनलाईन प्लॅटफॉर्मबद्दल पण थोडं सांगते कारण बँकेच्या प्रत्येक मेळाव्यात तेच सांगतात. बिल त्या प्लॅटफॉर्मवर टाकायचं, कंपनीनं ते ऑनलाईन मान्य करायचं, मग बँका त्यावर बोली लावतात, सगळ्यात कमी व्याजवाल्याकडून आपल्याला पैसे लगेच, आणि पुढं कंपनीनं नाही दिले तरी आपल्याकडून वसुली नाही. योजना खरंच उत्तम आहे. आधी ५०० कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची होती, नोव्हेंबर २०२४ मध्ये ती २५० कोटींवर आणली. पण सक्ती नोंदणीची आहे, बिल मान्य करायची नाही. आमची एक कस्टमर कंपनी नोंदलेली आहे, मी चार बिलं टाकली, चारही तशीच पडून राहिली. विचारलं तर म्हणाले, आमच्याकडं अजून प्रोसेस सेट झालेली नाही. कारण एकदा मान्य केलं की ड्यू डेटला पैसे कापले जाणार, मग "बघतो मॅडम" म्हणता येत नाही.

एक गोष्ट आमच्या बाजूची पण लिहिली पाहिजे, नाहीतर हे पत्र अर्धंच खरं होईल. आमचे पैसे थांबले की आम्ही पण थांबवतो. फौंड्रीवाल्यांचे ३० दिवसांचे ६० झाले, त्यांनी पिग आयर्न आणि कोकवाल्याचे थांबवले असणार. सगळ्यात वाईट म्हणजे आमचा ग्राइंडिंगवाला, दोन मशीनवर बाप-लेक काम करतात, ५-७ हजारांची बिलं त्यांची, ती पण मी त्या वर्षी दोन-दोन महिने ठेवली. तो कधी मागायला आला नाही. नुसता दारात येऊन "काम हाय का काय" विचारायचा आणि जायचा. ते "काम हाय का" म्हणजे "पैसे द्या" होतं हे मला उशिरा कळलं. आपल्याकडं स्वतःच्या घामाचे पैसे मागायची सुद्धा लाज वाटते, मागितले तर समोरच्याला वाटेल ह्याच्याकडं काहीच नाही, म्हणून माणूस आडून आडून बोलतो. आता मी २०२३ पासून नियम केलाय, २५ हजारांच्या आतलं कुणाचंही बिल १० दिवसांत, आमचं येवो न येवो. ग्राइंडिंगवाला, पेंटवाला, टेम्पोवाला, पॅकिंगच्या पेट्यावाला. सगळे मिळून महिन्याला लाखभराच्या आत जातात आणि तेवढ्यानं त्यांची घरं वेळेवर चालतात.

बाकी पण थोडं बदललं आम्ही. ते मोठं शेड्यूल २०२३ मध्ये निम्म्यावर आणलं, ह्यांना ते फार जड गेलं, मशीन दोन महिने दुपारनंतर बंद राहिली, अप्पा तर आठवडाभर बोलले नाहीत. त्या मोकळ्या वेळात ३० दिवसांत पैसे देणारे दोन छोटे कस्टमर धरले, रेट थोडा कमी आहे पण पैसे येतात. आता चार कस्टमर आहेत आणि कुणाचाच वाटा एक तृतीयांशाच्या वर जाऊ देत नाही. फिक्श्चर आणि टूलिंगचे पैसे आधी घेतल्याशिवाय नवीन पार्ट हातात घेत नाही. प्रत्येक बिलावर उद्यम नंबर आणि ४५ दिवसांची ओळ छापलीय. आणि मुख्य म्हणजे मी पैशासाठी फोन ड्यू डेटला करतच नाही, माल गेल्यावर चौथ्या दिवशी करते, जीआरएन झाला का एवढंच विचारते, कारण खरा उशीर तिथंच होतो आणि तेव्हा बोलताना कुणाला राग पण येत नाही. मोबाईलवर साधी शीट आहे, चलन नंबर, गेट शिक्क्याची तारीख, जीआरएनची तारीख, पैसे आल्याची तारीख. आज बिलिंग १३ लाख आहे आणि सरासरी पैसे ५२ दिवसांत येतात. पाटल्या सुटल्या. त्या लेखाच्या भाषेत कदाचित आम्ही मोठं शेड्यूल सोडून मागं आलो, पण मला विचाराल तर आमचा धंदा मोठा व्हायला सुरुवात तेव्हा झाली.

पण हे सगळं एकेकट्यानं किती करायचं? सगळ्यांना मोठं शेड्यूल सोडणं परवडत नाही, आणि शेवटी पंप बनवणारे मोठेच असणार, त्यांच्याशिवाय आमचं चालणार नाही, त्यांचं आमच्याशिवाय चालणार नाही. म्हणून इंडस्ट्रीच्या असोसिएशनांना माझी कळकळीची विनंती आहे की एकेका मेंबरला पुढं करू नका, असोसिएशनच्या लेटरहेडवर सगळ्यांच्या वतीनं पत्र काढा, नावं न घालता. १०० जणांचं एक पत्र गेलं तर १०० जणांचं शेड्यूल कुणी बंद करू शकत नाही.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडून पण एक अपेक्षा आहे. तुमच्या उद्योगाच्या पानावर कंपन्यांचे निकाल येतात, नवीन प्लांटचं भूमिपूजन येतं, पुरस्काराचे फोटो येतात. ते जरूर छापा, आम्हाला पण आमचे पार्ट जिथं लागतात त्या कंपनीचा फोटो बघून आनंद होतो. पण मुलाखत घ्याल तेव्हा एक प्रश्न विचारत जा, तुमच्या छोट्या पुरवठादाराला माल दिल्यापासून किती दिवसांत पैसे मिळतात? ४५ दिवसांच्या वर थकलेलं मायक्रो-स्मॉलचं देणं कंपन्यांना सहा महिन्यांतून एकदा एमएसएमई-१ फॉर्ममध्ये कारणासकट कळवावं लागतं, एप्रिल ते सप्टेंबरचं ऑक्टोबरअखेर आणि पुढच्या सहामाहीचं एप्रिलअखेर. वार्षिक हिशोबात पण हे देणं वेगळं दाखवावं लागतं. म्हणजे आकडा त्यांच्याकडं तयारच असतो. निर्यात किती, रोजगार किती, तसा पेमेंटचे दिवस किती हा आकडा पण छापून यायला लागला तर मोठ्या साहेबांच्या टेबलावर तो जाईल. आज तो अकाउंट्समधल्या त्या कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराच्या स्क्रीनवरच अडकून पडतो.

आमच्या एमआयडीसीच्या चौकात चहाची टपरी आहे, तिच्यावर पाटी आहे, आज रोख उद्या उधार. १० रुपयांच्या चहाला तो माणूस उधारी देत नाही आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, सगळे मुकाट्यानं पैसे काढून देतात, मोठ्या कंपनीचे साहेब सुद्धा. मला एवढंच पाहिजे की आमच्या चलनावरच्या ४५ दिवसांकडं पण लोकांनी तसंच बघावं.

पत्राखाली माझं नाव आणि शॉपचं नाव कृपया छापू नका. आमचे चारपैकी दोन कस्टमर तुमचा पेपर घेतात, आणि त्यातल्या एकाची तीन बिलं अजून बाकी आहेत.

आपली,
एक वाचक, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर